रोझेशियाच्या लालीवर ब्रिमोनिडीन जेल : नऊ महिन्यांचा माझा अनुभव

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जेल लावलं आणि मी बाथरूमच्या आरशासमोरच थांबले. सात पंचविसापर्यंत काहीच झालं नाही. साडेसातला डाव्या गालाची कड फिकी व्हायला लागली. पावणेआठला नाक, गाल, हनुवटी, सगळं कपाळाच्या रंगाचं होऊन गेलं होतं. चार वर्षांत माझा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. नवऱ्याला हाक मारली. तो चहाचा कप घेऊन आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "अगं, ही तर लग्नाच्या फोटोतली तू!" मला रडू आलं, आणि रडल्यावर पुन्हा लाल होईन म्हणून मी ते आवरलं.

हे जेल ब्रिमोनिडीनचं, रोझेशियाच्या लालीसाठीचं. रोझेशिया म्हणजे चेहरा सारखा लाल आणि गरम होणारा त्वचेचा आजार. ब्रिटनमध्ये ते मिर्वासो या नावाने मिळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ट्यूबवर ३ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असं छापलेलं असतं, अमेरिकेत त्यालाच ०.३३ टक्के म्हणतात. मी ते गेल्या ऑक्टोबरपासून वापरते आहे. या आजाराबद्दल मराठीत बोलणारं माणूस मला भेटलं नाही, त्यामुळे जे जे घडलं ते सगळं लिहिते. मी डॉक्टर नाही. औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

मी मूळची कोल्हापूरची, तेरा वर्षं झाली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहते. हे ग्रॅनाइटचं, समुद्राकाठचं गाव. हिवाळ्यात बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि आत शिरलं की हीटरची धग. त्या दाराच्या उंबऱ्यावरच माझा चेहरा पेटायचा. पेटायचा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण मला आधी लाली दिसली नव्हती, आग जाणवली होती. आपल्या गव्हाळ कातडीवर गाल टोमॅटोसारखे होत नाहीत. तांबूस, थोडी जांभळट अशी छटा येते आणि लोक विचारतात, "ऊन लागलं का?" किंवा "रडलीस का?" मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काउंटरवर बसते, दिवसाला शंभरेक माणसं समोर येतात. हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन ते मोजणं मी सोडून दिलं.

निदान व्हायलाच अडीच वर्षं गेली. पहिल्या डॉक्टरांनी नाजूक त्वचा म्हणून मॉइश्चरायझर दिलं. दुसऱ्यांना ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची शंका आली, रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तिसऱ्या डॉक्टर बाईंनी खुर्ची जवळ ओढली, हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली, मग मानेला लावली, आणि विचारलं, "इथे नेहमीच असं गरम असतं का?" तिथेच मला कळलं की या बाईंना समजलंय. रोझेशिया हा उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांचा आजार, असं इतकं ठसलेलं आहे की त्याला सेल्ट (म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या) लोकांचा शाप असं टोपणनाव आहे. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्यापान चेहऱ्यांचेच. सावळ्या चेहऱ्यावर तो बघायची सवयच डोळ्यांना नसते. म्हणून माझ्यासारख्यांनी "लाल दिसतं" एवढंच न सांगता "गरम होतं, चुरचुरतं, साबण झोंबतो" असं सांगावं. डॉक्टरला त्यातून जास्त कळतं.

त्या अडीच वर्षांत मी एक मोठी चूक केली. सुट्टीला गेले असताना नात्यातल्या एकीने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली, चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र असलेलं ते क्रीम. दहा दिवसांत चेहरा असा उजळला की मी तीन ट्यूब बॅगेत भरून इकडे आणल्या. सात महिने लावलं. लावायचं थांबवलं की चौथ्या दिवशी आग, सूज, बारीक पुरळ, म्हणून परत लावायचं. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात, आणि मुळात रोझेशिया असेल तर तो बळावतो. भारतात २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात माझ्या हातात ती कशी आली ते वर सांगितलंच. तुमच्या घरात गोरं करणारी अशी एखादी ट्यूब असेल तर कृपा करून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी '-सोन' दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही, तर ते स्टिरॉइड आहे. मात्र बरेच महिने लावत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

आता जेलबद्दल.

ब्रिमोनिडीन हे औषध मुळात काचबिंदूचं. डोळ्यात घालायच्या थेंबांत ते नव्वदच्या दशकापासून आहे. चेहऱ्याच्या लालीसाठी त्याचं जेल अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं, युरोपात पुढच्या वर्षी. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना ते आवळतं, रक्त कमी येतं, म्हणून लाली उतरते. सर्दीत नाकात टाकायचे थेंब आठवा. थेंब टाकले की नाक मोकळं होतं, पण सर्दी बरी होत नाही, आणि थेंब सारखे टाकत राहिलं तर नाक पहिल्यापेक्षा घट्ट चोंदतं. तीच जातकुळी. अर्ध्या तासात असर दिसायला लागतो, माझ्या बाबतीत अकरा ते दोन हा सगळ्यात चांगला काळ, आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. कागदावर बारा तासांपर्यंत असं असतं. मला साडेनऊ-दहा तासांवर कधी मिळाले नाहीत.

आणि त्या थेंबांसारखीच याची उलटी लाट मला दिवाळीत बसली. तिसरा आठवडा होता. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला. मी सकाळी नऊला जेल लावलं, आणि रोज लावते त्याच्या दुप्पट लावलं, आज तरी चेहरा चांगला दिसावा म्हणून. सातपर्यंत छान होतं. हॉलमध्ये दीडशे माणसं, खिडक्या बंद, वर गरम मिसळ खाल्ली. आठच्या सुमाराला गालांवर मुंग्या आल्यासारखं झालं, आणि दहा मिनिटांत चेहरा असा भाजायला लागला की स्टिरॉइड सोडल्यावरही इतका भाजला नव्हता. लाली जेल लावते त्या जागेच्या बाहेर, कानांपर्यंत आणि गळ्यावर उतरली होती. वॉशरूममध्ये पेपर टॉवेल गार पाण्यात भिजवून मी वीस मिनिटं बसून राहिले. बाहेरून मुलगी दार वाजवत होती, "आई, आपलं नाव पुकारतायत." आम्ही दोघी स्टेजवर जाणार होतो. ती एकटीच गेली.

दुसऱ्या दिवशी फार्मासिस्टला फोन केला. या जेलने काहींचा रोझेशिया उलट वाढतो, असा इशारा इथल्या औषध नियामकांनी २०१६ मध्येच दिलेला आहे, आणि म्हणूनच पहिला आठवडाभर तरी अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करायला सांगतात. हे मला कोणी नीट समजावलं नव्हतं. पत्रकात होतं, मी वाचलं नव्हतं. दहा दिवस पूर्ण बंद ठेवलं, डॉक्टर बाईंना दाखवलं, आणि त्यांच्या सल्ल्याने परत पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. जास्तीत जास्त मात्रा दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे कपाळ, हनुवटी, नाक आणि दोन्ही गाल यांवर वाटाण्याएवढा एकेक ठिपका. मी मुगाच्या दाण्याएवढे तीनच घेते, दोन गालांना आणि एक नाकाला. कपाळाला लावतच नाही. तोंड कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, बोटाने न चोळता, पातळ पसरवायचं. डोळे, ओठ टाळायचे. लगेच हात धुवायचे. दहा मिनिटांनी वाळलं की वर सनस्क्रीन. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर जेल दुपारी, म्हणजे उतार घरी आल्यावर येतो. आणि रोज लावत नाही. आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन.

गव्हाळ रंगावर आणखी एक अडचण आहे, ती गोऱ्या बायकांच्या अनुभवांत मला कुठे दिसली नाही. जेल पांढरट असतं आणि त्याने कातडीही फिकी पडते. आपल्या रंगावर तो फिकेपणा राखेसारखा दिसतो. आणि जिथे बोट फिरायचं राहिलं तिथे नदीसारखी लाल रेघ उरते, तिची कड स्पष्ट दिसते. नाकपुडीच्या मागची खाच आणि कानाजवळचे केस, या दोन जागा माझ्या हमखास चुकायच्या. आता मी खिडकीच्या उजेडात लावते आणि गालाच्या कडेला बोट कोरडं होईपर्यंत बाहेरच्या बाजूला नेते, म्हणजे कड विरते.

काय होत नाही तेही सांगते. पुरळ आणि पुवाचे फोड याने जात नाहीत. त्यासाठी मी रात्री आयव्हरमेक्टिनचं १ टक्का क्रीम लावते. कातडीवर राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे रोझेशियात वाढलेले असतात, त्यांच्यावर ते काम करतं. त्याचा गुण यायला मला तीन महिने लागले, पण तो गुण टिकला. खरं सांगायचं तर माझा चेहरा आज बरा आहे त्याचं निम्मं श्रेय त्या क्रीमला आणि निम्मं सनस्क्रीनला. नाकाच्या कडेला कायमच्या फुगलेल्या बारीक लाल रेघा आहेत, त्यांनाही जेल हात लावत नाही. डोळे खुपणं, वाळूचे कण गेल्यासारखं वाटणं हाही रोझेशियाचाच भाग असू शकतो. तसं होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

सुरक्षिततेचं दोन ओळींत. कातडी सोललेली, चिरलेली असेल किंवा नुकतंच लेझर झालं असेल तर लावायचं नाही, कारण औषध रक्तात जाऊन रक्तदाब उतरू शकतो, नाडी मंदावू शकते, चक्कर येऊ शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर हे चालत नाही, म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरला सांगा. आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. या जेलच्या चाचण्यांच्या काळात त्यात भाग घेतलेल्या एकीच्या घरातल्या लहानग्यांनी ते खाल्लं आणि त्यांना गंभीर त्रास झाला होता. ट्यूबचं झाकण दाबून फिरवायचं असतं ते त्यासाठीच, मी सुरुवातीला त्यावर उगाच वैतागायचे.

खर्च मला शून्य आला, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना दर औषधामागे ठरलेली रक्कम भरावी लागते.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. लग्नाच्या दोन दिवशी जेल लावलं. त्या उकाड्यात आणि घामात ते जेमतेम दुपारी एकपर्यंत टिकलं. छत्री आणि गार पाण्याची बाटली यांचा उपयोग जास्त झाला. तांबडा रस्सा मी वाटीभर प्यायले, तो निवल्यावर. तिखटाइतकाच गरमपणाही मला बाधतो, हे आता कळलंय. चहासुद्धा कोमट करून घेते. कॉफी सोडायची गरज पडली नाही.

आई मला आरशासमोर ठिपके लावताना बघत होती. म्हणाली, "लावल्यावर जातं, मग कायमचं का जात नाही?" मी तिला नाकातल्या थेंबांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुझ्या आजीचे गाल असेच होते. आम्ही म्हणायचो, चुलीची धग लागलीय. चूल गेली, गॅस आला, तरी गाल तसेच. ती पदर ओला करून लावायची." आजीला काय होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण ओल्या पदराचं ऐकल्यावर मला त्या वॉशरूममधले भिजवलेले पेपर टॉवेल आठवले.

आता नाकाच्या कडेच्या रेघांसाठी सप्टेंबरमध्ये लेझरची वेळ घेतली आहे, पैसे भरून, कारण ते इथे मला सरकारी सेवेत मिळालं नाही. त्याआधी जेल किती दिवस बंद ठेवायचं आणि नंतर कधी सुरू करायचं, हे दोन प्रश्न फोनमध्ये लिहून ठेवलेत. तिसरा मुलीने लिहिला आहे, दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत सूज उतरेल का, असा.