साताऱ्यात ‘शॉकअप फुटलाय’ म्हणून उकळलेले 14,000 रुपये

पुणे ते हंपी या प्रवासात पहिल्या दिवशी सातारा शहर पाहायचे ठरले होते. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय पाहून रस्त्याकडेला लावलेल्या गाडीकडे परतलो, तर कळकट कपड्यांतला एक तरुण पुढच्या चाकाशी वाकून उभा होता. “काका, शॉकअप फुटलाय, सगळं तेल बाहेर आलंय. अजिंक्यताऱ्याचा चढ चढू नका,” असे म्हणत त्याने तेलाने माखलेले बोट दाखवले. शॉकअप म्हणजे चाकाला बसणारे धक्के जिरवणारा, आत तेल भरलेला भाग. नुकताच खंबाटकी घाट ओलांडलेला, सोबत सत्तरी उलटलेली आई आणि पुढे हुबळीपर्यंतचा पल्ला; अशा वेळी कोणताही जबाबदार माणूस गाडी तपासून घेईल, तेच मी केले.

पुढचा प्रकार ठरलेलाच. ‘जवळच’ असलेले गॅरेज, खोललेले चाक, वाढत गेलेली यादी. पुढचे दोन शॉकअप 9,400, बुश 2,400, मजुरी 1,850, अलाइनमेंट 600. एकूण 14,250, त्यातून 250 ‘सोडले’. पक्के बिल दिले नाही, जुने शॉकअपही दिले नाहीत. जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

शॉकअपची सील खराब झाली की, दांडा जिथून आत शिरतो तिथून तेल पाझरून खाली ओघळते आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर धरतो. माझ्या गाडीचा शॉकअप वरून खालपर्यंत कोरडा होता आणि ताजे, स्वच्छ तेल टायरच्या बाहेरच्या अंगाला होते. हे माझ्या डोळ्यांसमोर होते. आईने तर विचारलेही, “आपण यायच्या आधीच याला कसं रे दिसलं?” आणि मी तिला गप्प बसवले. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. शिवाय शॉकअप पाझरला म्हणून गाडी जागेवर बंद पडत नाही. सावकाश चालवत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत नेता येते.

हुबळीत गाडी खडखडू लागली, तेव्हा बसवलेले शॉकअप जुनेच, काळा रंग मारलेले निघाले. तिथे आणखी 11,300 रुपये गेले.

परतल्यावर पोलीस ठाण्यात गेलो, तर “घटना साताऱ्याची, तिकडे जा” असे उत्तर मिळाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, हे मी सांगितल्यावर समोरच्या साहेबांनी मान वर करूनही पाहिले नाही. साताऱ्याला फोन केला, तर “बिल आहे का? पैसे तुम्हीच दिलेत ना? हा दिवाणी वाद आहे.” बिल न देणे हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याविरुद्ध बिल आणायचे कुठून? यूपीआयची पावती दाखवायला तयार होतो. पैसे गॅरेजच्या पाटीवरील नावाने नव्हे, भलत्याच व्यक्तीच्या खात्यात गेले होते, आणि तरीही कुणाला त्यात संशयास्पद काही वाटले नाही. करदात्याला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवणे एवढेच काम उरले आहे काय?

पैसे देताना खात्यावरचे नाव वाचा. चाक खोलण्याआधी तेलाचा फोटो काढा. माझ्याकडे तो नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पावती आणि हुबळीच्या सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल जोडून मी पुण्यात अर्ज केला आहे.