बत्तीस बोर: पहिल्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

परवाना मंजूर झाला की बरेच जण यूट्यूब उघडून ग्लॉक आणि बेरेटा या विदेशी पिस्तुलांच्या तुलना बघत बसतात. आपल्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. बोर म्हणजे नळीचा आतला व्यास. ९ मिमी, .३८, .४५ हे सगळे आपल्याकडे प्रतिबंधित बोर, सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. विदेशी हत्यारांची आयातही १९८०च्या दशकापासून त्याला बंद आहे. दुकानात एखादी वॉल्थर किंवा स्मिथ अँड वेसन दिसलीच, तर ती कुणाच्या तरी आजोबांची असते आणि भाव लाखांत सांगतात. थोडक्यात, आपल्यापुढे उरतो मुख्यतः .३२ बोर. त्यात रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, एवढंच ठरवायचं. दुकानात जाण्याआधी परवाना नीट वाचा. त्यावर हत्याराचा प्रकार आणि बोर लिहिलेला असतो, आणि जे लिहिलंय तेच मिळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्षभरात शंभर काडतुसं सरावाला झाडायची तयारी आणि सोय नसेल, तर रिव्हॉल्व्हर घ्या. पिस्तूल वाईट म्हणून नव्हे, पण ते सराव मागतं, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच बोंब आहे. काडतुसं वर्षाला किती घ्यायची आणि एका वेळी जवळ किती ठेवायची, याची मर्यादा परवान्यावरच असते. ती महाग आहेत. आणि खासगी हत्यार घेऊन जाऊन सराव करू देणारी रेंज प्रत्येक जिल्ह्यात नाही.

रिव्हॉल्व्हरचं मोठेपण असं की ते काही लपवत नाही. सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, उघडला की सहाही घरं समोर दिसतात: भरलेलं की रिकामं, प्रश्नच मिटला. पिस्तुलात नवखा माणूस फसतो तो इथेच. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं, असं त्याला वाटतं. नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, एक काडतूस बसलेलं असू शकतं आणि साफसफाई करताना ते सुटतं. म्हणून क्रम पक्का हवा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हे उलट्या क्रमाने केलं, तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आपणच आत भरतो. रोज हत्यार हाताळणाऱ्याला हा क्रम सवयीचा होतो. सहा महिन्यांतून एकदा कपाट उघडणाऱ्याच्या लक्षात तो राहीलच, असं मी धरून चालणार नाही.

आता पिस्तुलाच्या बाजूने. ते चपटं असतं, कमरेला शर्टाखाली दिसत नाही. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मात्र फुगून बाहेर येतो. मॅगझिनमध्ये सात-आठ काडतुसं बसतात आणि मॅगझिन बदलायला क्षण पुरतो. स्लाइड ओढून झाली की बहुतेकांत चाप हलका लागतो, त्यामुळे नेमही बरा बसतो. सरकारी कारखान्याचं ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल याच वर्गातलं. पण त्याची स्लाइड ओढून बघा. या बोरच्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, गोळी सुटताना मागे येणारा जोर स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग मिळूनच पेलतात, म्हणून स्प्रिंग ताठ ठेवलेली असते. सांधे धरलेल्या साठीतल्या माणसाला किंवा बारीक मनगटाच्या बाईला ती जड जाते. मूठ सैल पडली तर स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि काडतूस अर्ध्यात अडकतं. शिवाय बरेच नवे मालक भीतीपोटी चेंबर रिकामं ठेवतात. ते सुरक्षित आहे, मीही तेच सुचवेन. पण मग गरजेच्या वेळी थरथरत्या हातांनी आधी ती स्लाइडच ओढावी लागणार, हे धरून चाला.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर पुढच्या घरावर येतो. (हे झालं संकटातलं. रेंजवर मात्र फुसक्या काडतुसानंतर नळी निशाण्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबायचं, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकतं.) त्याची खोट चापात आहे. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) न चढवता थेट ओढला तर चाप लांब आणि जड लागतो, आणि ओढता ओढता नळी हमखास उजवीकडे-डावीकडे जाते. घोडा आधी चढवला तर चाप एकदम हलका होतो. पण चढवलेला घोडा न झाडता हळूच खाली आणणं हे नवख्याचं काम नाही, ते कुणा जाणत्यासमोर रिकाम्या हत्यारावर शिकावं.

रिव्हॉल्व्हरमध्येही आता निवडीला वाव आहे. सरकारी कारखान्यांचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं, मधून मोडून उघडणारं. मोडलं की सगळ्या पुंगळ्या (काडतुसांची धातूची आवरणं) एकदम बाहेर, हे मला आवडतं. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं; तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती आणि ते स्त्रियांसाठी म्हणून गाजवलं गेलं. ‘प्रबल’ २०२३चं. ते सुमारे ७०० ग्रॅम भरतं, नळी ७६ मिमी, आणि त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. पर्समध्ये हलकं बरं, हे खरं. पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं आणि जड चाप त्याला सहज हलवतो. ‘निर्भीक’ आणि ‘प्रबल’ दोन्ही हाताळून बघितल्यावर मी पहिल्या खरेदीला ‘प्रबल’कडेच झुकेन. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं .२२चं ‘निडर’ रिव्हॉल्व्हर जेमतेम पाव किलोचं आहे. खिशात मावतं म्हणून मोह होतो, पण एवढ्याशा मुठीवर पकडच बसत नाही.

काडतुसांबाबत एक गोष्ट काउंटरवर विसरू नका. दोन्ही हत्यारं ‘बत्तीस’ असली तरी काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला काठ असलेलं, पुंगळी २३ मिमी; पिस्तुलाचं आखूड, १७ मिमी. एकाचं दुसऱ्यात घालून बघायचं नाही, बसतंय असं वाटलं तरी नाही. पुंगळीच्या बुडाला ‘केएफ’ दिसलं तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, १८६९ पासून चालत आलेल्या.

कोकणात राहत असाल तर गंजाचं मनावर घ्या. कातडी होल्स्टरमध्ये हत्यार घालून पावसाळाभर कपाटात ठेवलं, तर गणपतीपर्यंत नळीवर तांबूस ठिपके येतात. तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडात, कुलपाच्या पेटीत ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात. साफसफाईला रिव्हॉल्व्हर सोपं: नळी आणि सहा घरं. पिस्तूल खोलावं लागतं, आणि त्याची एखादी स्प्रिंग पलंगाखाली उडाली की संध्याकाळ गेली.

कायद्याचं ओझं दोघांना सारखंच. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, आणि परवाना पाच वर्षांचा झाला. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत झाडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती जपून ठेवा.

संरक्षणाचं कारण नसून नेमबाजीची हौस असेल, तर मात्र या दोहोंपैकी काहीच घेऊ नका. .१७७ची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर पिस्तूल परवान्याविना मिळते, छर्रे स्वस्त असतात, आणि दहा मीटरवर दिवसाला शेकडो वेळा झाडता येतात. चाप ओढताना हात हलू न देणं त्यातच शिकून होतं. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली, तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांना हा खेळ चांगला ठाऊक झालाय.

आणि .३२च घ्यायचं ठरलं असेल, तर दुकानदाराला हत्यार रिकामं करून दाखवायला सांगा, स्वतःही बघा. मग त्याच्या परवानगीने, नकली (बिनदारूची) काडतुसं भरून, नळी भिंतीकडे धरून चाप दहा वेळा ओढा. दहाव्या वेळी बोट थकलं किंवा नळी डुलली, तर ते मॉडेल बाजूला ठेवून पुढचं मागा.