मैदानातला बोगदा की अहमदाबादचं मत्स्यालय?

लेकरांना काचेच्या बोगद्यातून मासे दाखवायचे म्हटलं की आपल्या विदर्भातल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे सुट्ट्यांत जिल्ह्याच्या गावी मैदानावर लागणारं फिरतं मत्स्य प्रदर्शन आणि दुसरी अहमदाबादच्या सायन्स सिटीतलं मत्स्यालय. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय बरीच वर्षं बंद आहे, म्हणून ते धरत नाही. या दोन्ही ठिकाणी मी घरच्यांना घेऊन जाऊन आलोय.

मैदानाची बाजू कमजोर नाही. वावरातून दुपारी मोकळं झालं, एसटी धरली, की रात्री जेवायला घरी. आजीलाही नेता येतं. आकाशपाळणा आहे, भजी आहेत, लेकरं खुश असतात. अहमदाबादला मात्र वर्धा, बडनेरा किंवा अकोल्याहून नवजीवन एक्स्प्रेस धरली तरी एक रात्र गाडीत जाते, मुक्काम पडतो आणि खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

तरी माझं मन एका गोष्टीनं फिरलं. आम्ही गेलो त्या प्रदर्शनात एका टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘शार्क’ लिहिलं होतं. आत होता पंगस. आपल्या आठवडी बाजारात विकायला येतो तोच, बिनखवल्याचा. पोरगी डोळे विस्फारून बघत होती आणि मला काही सुचेना. खरं सांगावं तर तिचा आनंद जातो, गप्प बसावं तर ती शाळेत जाऊन तेच सांगणार. मागून गर्दी ढकलत होती, भोंगा वाजत होता, विचारावं असं कोणी नव्हतं. समुद्राचं पाणी तयार करायचं, त्यातला मैला पचवणारे जिवाणू गाळणीत रुजवायचे, याला आठवडे लागतात. महिनाभरात तंबू उचलणाऱ्याला ते कसं परवडणार? म्हणून तिथे बहुतेक गोड्या पाण्यातलेच मासे असतात. एवढं मी समजू शकतो. खोटी पाटी मात्र मला अजून खुपते.

अहमदाबादचं दालन 2021 मध्ये सुरू झालं. तिथला बोगदा 28 मीटरचा आहे. डोक्यावरून खराखुरा शार्क गेला तेव्हा पोरगीच म्हणाली, “बाबा, याच्या कल्ल्याला झाकण नाही, नुसत्या फटी आहेत!” मरळ नि कतला साफ करताना बघत वाढलेलं लेकरू ते, तिला फरक लगेच दिसला. पुढे पेंग्विनपाशी ती किती वेळ उभी होती, कोणी हटकलं नाही. आमच्या दिवशी गर्दी कमी होती, हेही खरं.

लेकरू अगदी लहान असेल किंवा हात आखडता असेल, तर मैदानच बरं, असं मला वाटतं. तिसरी-चौथीतलं, प्रश्न विचारणारं पोर असेल, तर एक-दोन मेळे सोडून ते पैसे बाजूला टाकावेत. निघताना सोमवार टाळा, त्या दिवशी सायन्स सिटी बंद असते. आत मत्स्यालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तेही हिशोबात धरा.