विम्याचं कार्ड की थायलंडची वाट?

जत तालुक्यात कुणाला हृदयाची शस्त्रक्रिया लागली, तर आयुष्मान कार्ड खरंच तारतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, मिरज-सांगलीतल्या योजनेच्या रुग्णालयात. पण ते दाखल झाल्यावरचं संरक्षण आहे. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत; सरकारी केंद्रात त्या नसल्या की खिशातूनच, आणि शेतमजुराचं घर त्यातच हळूहळू खचतं.

थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेची सुरुवातच घराजवळच्या दवाखान्यापासून केली. पैसा करातून, दवाखान्याला माणशी ठरलेला निधी, रुग्णाकडून दर भेटीला फक्त 30 बाट (तिथलं चलन). गोळ्याही त्यातच. संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या सर्वांसाठी आरोग्याच्या ठरावामागच्या देशांत थायलंडही होता, तो या अनुभवावर.

मला हीच वाट पटते. जतच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधं बारा महिने हवीत. कार्डाचा विस्तार त्यानंतर.