रब्बी ज्वारीची निवड : कणीस बघून की पानाचा तुकडा बघून?

पैदाशीत नव्यानं उतरलेली दोन-चार मुलं दरवर्षी पेरणीच्या तोंडावर हाच प्रश्न घेऊन येतात : सर, मार्कर शिकायचे की रानात उभं राहून निवड करायची? मार्कर म्हणजे हव्या गुणाजवळची डीएनएमधली खूण, ती पानाच्या तुकड्यातून तपासता येते. मी दोन्ही केलंय. आधी नऊ वर्षं नुसत्या डोळ्यानं, मग मार्करनं. तेव्हा हे अनुभवाचं बोलणं, मोजमाप समजू नका.

डोळ्यानं केलेल्या निवडीला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. मालदांडी ३५-१ मोहोळला अशीच हाती लागली, डीएनएची रचना उलगडायच्या कितीतरी आधी. आजही सोलापुरात नवं वाण आलं की पहिला प्रश्न येतो, 'मालदांडीसारखी भाकरी होते का?' पीठ किती पाणी धरतं, भाकरी थापताना कडा चिरतात का, कडबा जनावर आवडीनं खातं का, हे मला अजून तरी पानाच्या तुकड्यावरून कळलेलं नाही.

मग खटकलं कुठं? पावसात.

दाणा भरायच्या वेळी आपल्या रानातली ओल संपत आलेली असते. तेव्हाही ज्याची पानं हिरवी राहतात ते झाड खडखड्या या खोडकुजीच्या रोगाला सहसा बळी पडत नाही, लोळत नाही. पण हे गुण दिसायला ताण पडावा लागतो. एका वर्षी माझ्या एफ-२ च्या (संकराच्या दुसऱ्या पिढीच्या) प्लॉटवर फुलोऱ्यानंतर अवकाळी आला. जानेवारीत फेरी मारली तर एकूण एक ओळ हिरवीगार. बांधावरून एक शेतकरी म्हणाले, 'साहेब, यंदा तुमची ज्वारी झकास!' माझ्या वहीत मात्र हिरवेपणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच आकडा. रब्बी वर्षातून एकदाच येते. दोन वर्षांनी पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा माझा धीर सुटला.

खोडमाशीचं दुखणं वेगळं. माशी हवी तेव्हा येत नाही, म्हणून ओळींत मासळीची पूड टाकून तिला बोलवायचं, तो वास घेत फिरायचं आणि पोंगेमर, म्हणजे मधला पोंगा वाळलेली रोपं, मोजायची.

मार्करला यातलं काही लागत नाही. रोप तीन आठवड्यांचं झालं की पानाचा तुकडा घ्यायचा. बी-३५ या दात्या ज्वारीकडून हिरवेपणाचे डीएनएचे चार मुख्य तुकडे, एसटीजी-१ ते एसटीजी-४, घेता येतात. ते कुणात आलेत हे फुलोऱ्याआधीच कळतं, म्हणून संकर फक्त त्याच झाडांवर. बी-३५ ठेंगणा, आपल्या लोकांना न रुचणारा, त्यामुळे स्थानिक वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावाच लागतो. अशा तिसऱ्या संकराला (बॅकक्रॉसला) दात्याचा वाटा सरासरी ६.२५ टक्के उरतो. उरलेल्या जीनोमवर, म्हणजे बाकीच्या डीएनएवर, मार्कर लावले तर त्याहून कमी वाटा असलेली झाडं निवडता येतात. नुसत्या डोळ्याला इथं अंदाजच करावा लागतो.

खर्च आहे, नाकारत नाही. आणि उत्पादनाचा असा एकच मार्कर नसतो. त्यात कितीतरी जनुकांचा थोडा-थोडा हात असतो. सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडणारी जीनोमिक निवड आहे, पण तिला आधी शेकडो ओळींची मापं लागतात. लहान कार्यक्रमानं तिच्या वाटेला न गेलेलं बरं. मार्कर आलेलं पीक हातचं जाऊ देत नाही, हेच त्याचं खरं काम. बाजरीत ते झालंय : हरियाणातल्या एचएचबी ६७ या संकरित वाणाला केवडा रोगाची प्रतिकारशक्ती मार्करच्या मदतीनं दिली आणि सुधारित संकर २००५ मध्ये आला.

तुमचा सगळा भर भाकरी आणि कडब्यावर असेल तर रानातच रहा, कदाचित मार्करवाचून अडणार नाही. पण जो गुण दिसायला दुष्काळ किंवा माशी यावी लागते, त्यासाठी मी आता पानावरच जाईन. आमच्याकडे हल्ली तसंच चालतं : आधी पंचनं पानाचा तुकडा, मग वाचलेल्या ओळी जानेवारीत पायी बघायच्या आणि शेवटी तवा.

एक मात्र सांगतो. नमुन्यांच्या पाकिटांवर पेन्सिलीनंच लिहा. पहिल्याच खेपेला मी पेनानं लिहिलं होतं. सकाळच्या दवात निम्मे नंबर पुसले आणि कुठलं पान कुठल्या झाडाचं हे आठवत मी दुपारपर्यंत बांधावर बसून होतो.