जिप्समच्या छताचं भोक घरीच बुजवलं : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसाळा गेला, दिवाळी झाली, थंडीही सरत आली, आणि पॅसेजच्या छतातलं ते ठिगळ अजून जसंच्या तसं आहे. कडेने रेघ नाही, फुगवटा नाही, पिवळा डाग नाही. मे महिन्यात काम झालं तेव्हा मी मुद्दामच काही लिहिलं नव्हतं. रंग वाळल्यावर पहिले काही आठवडे कुठलीही दुरुस्ती छानच दिसते. खरी परीक्षा पुण्याची हवा घेते. मेमध्ये कोरडी ठणठणीत, आणि जुलैमध्ये डब्यातले पापड सर्दावतील इतकी दमट. छताचा सांधा तेवढ्यात टिकला, तर टिकला म्हणायचं.

भोक पडलं ते वरच्या मजल्यावरच्या बाथरूममुळे. त्यांच्या संकन स्लॅबमध्ये (बाथरूमच्या पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये) पाणी मुरत होतं आणि सरकत सरकत आमच्या फॉल्स सिलिंगवर येऊन साचत होतं. प्लंबरने नेमकी जागा शोधायला खालून छताचा बोर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला जिप्समचा पातळ फळा, कापला. वरचे काका समंजस, त्यांनी लगेच काम काढलं. ज्यांचे असे वाद चालू असतील त्यांच्यासाठी : गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी ही सोसायटीची जबाबदारी असते, पण संडास, बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी आपसात बोलून करायचा असतो. सेक्रेटरींकडे जाण्याआधी जिना चढून वर जावं.

गळती थांबली म्हणजे लगेच भोक बुजवायचं असं मात्र नाही. स्लॅबमध्ये मुरलेली ओल बराच काळ खाली येत राहते. आम्ही भोक उघडंच ठेवलं, खाली पंखा लावून ठेवला आणि वरच्या बाथरूमचा रोजचा वापर सुरू झाल्यावरही स्लॅब कोरडा राहतोय याची खात्री केली. पाहुण्यांना ते दिसत होतं, दिसू दिलं. भोकाभोवतीचा बोर्ड अंगठ्याने दाबून बघायचा. मऊ लागला, कागद सुटलेला दिसला किंवा काळी बुरशी दिसली, तर तेवढा भाग कापून टाकायचाच. जिप्समच्या स्फटिकात मुळातच वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी बांधलेलं असतं, आणि आगीत हा बोर्ड तग धरतो तो त्यामुळेच. पण बाहेरून मुरलेलं पाणी त्याला मऊ करतं, आणि एकदा कागदाची पकड सुटली की बोर्डाची ताकद गेली.

आता मुख्य मुद्दा. आमच्याच हॉलमध्ये काही वर्षांपूर्वी एक लाइट हलवला होता. तेव्हा आलेल्या कारागिराने जुन्या गोल भोकात पीओपी भरलं, वर लांबी (पुट्टी) फिरवली आणि रंग मारला. पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे केसाएवढी गोल चीर उमटली, आणि दर वेळी रंग दिला तरी ती परत येते. पीओपी अर्ध्या तासाच्या आत दगड होतं, घासायला कठीण आणि ठिसूळ. बोर्ड हवेप्रमाणे किंचित फुगतो-आकसतो, दारं आपटतात, वर कुणी काहीतरी सरकवतं. ती हालचाल कुठेतरी निघणारच, आणि ती निघते जुन्या-नव्याच्या सीमेवर. तिथे ताण झेलायला काहीतरी हवं, म्हणजे टेप. आणि ठिगळ लोंबू नये म्हणून पाठीमागे आधार हवा. सगळी दुरुस्ती या दोन गोष्टींवर उभी आहे, आणि घाईच्या कामात नेमक्या याच दोन वगळल्या जातात.

काम करताना आधी त्या भागाची एमसीबी बंद केली. फॉल्स सिलिंगच्या वर वायरी आणि लाइटचे ड्रायव्हर पडलेले असतात, त्यामुळे करवत खोल घालायची नाही. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, कारण वर बघून कापताना सगळी भुकटी चेहऱ्यावर येते. वेडंवाकडं भोक कापून सरळ चौकोन केला. चौकोनाला तुकडा मोजून कापता येतो. बोर्ड कापायला ताकद लागत नाही : कटरने वरचा कागद चिरायचा, मागे मोडायचा, मागचा कागद कापायचा.

आधारासाठी जीआय चॅनलचे (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याच्या पट्ट्यांचे) दोन तुकडे आत सरकवून भोकाच्या दोन बाजूंना जुन्या बोर्डातून स्क्रूने कसले. फॉल्स सिलिंगचे मूळ चॅनल साधारण दीड-दीड फुटावर असतात. भोक त्यांच्या मधोमध असेल तर ठिगळाला धरायला काहीच नसतं. साडेबारा मिलीमीटरच्या बोर्डाचा फूट बाय फूट तुकडा पाऊण किलोच्या आसपास भरतो, तो डोक्यावर नुसत्या चिकटवण्यावर सोडणं मला पटत नाही. काही जण तुकड्याच्या पुढच्या कागदाची कड मोकळी ठेवून तीच चिकटवतात. मुठीएवढ्या भोकापर्यंत ते चालेल, त्यापुढे छतावर नको. भिंतीची गोष्ट वेगळी.

मग मापाचा तुकडा भोकात बसवून त्या चॅनलना कसला. स्क्रू काळे, २५ मिलीमीटरचे. डोकं कागदात किंचित रुतलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर त्या स्क्रूची पकड संपली, शेजारी दुसरा मारायचा.

टेप मी कागदी वापरली. दुकानदार जाळीची देत होता. ती आपोआप चिकटते म्हणून सोपी वाटते, पण तिच्याखालचा मसाला कडक होणारा लागतो आणि सपाट सांध्यावर तिची जाडी जास्त जाणवते. आधी जॉइंटिंग कंपाउंडचा (सांधे भरायच्या मसाल्याचा) पातळ थर, त्यावर टेप, मग पत्र्याने दाबून जादा मसाला काढायचा. टेपखाली हवा राहिली तर पुढे फोड येतो. त्यावर आणखी दोन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर पसरलेला. बोर्डाची कारखान्यातली कड उतरती असते, आपण कापलेली कड तशी नसते, त्यामुळे ठिगळाच्या सांध्यावर थोडा उंचवटा येणारच. तो रुंद पसरवून नजरेआड करायचा, घासून सपाट करायच्या नादी लागायचं नाही. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. मेच्या हवेत ते पटकन झालं, ऑगस्टमध्ये मी हे काम काढणार नाही.

शेवटी बारीक पॉलिश पेपर, मग प्राइमर, मग रंग. प्राइमर टाळला तर कंपाउंड रंग शोषून घेतो आणि ठिगळ फिकट, मळकट दिसत राहतं. मी एवढ्याच चौकोनाला रंग न देता पॅसेजचं अख्खं छत रंगवलं. जुना पांढरा आणि नवा पांढरा कधीच जुळत नाहीत.

आता तक्रारी. सगळ्यात त्रास साहित्याचा. अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती आणि छतं बहुतेक याच बोर्डाची, त्यामुळे तिथे दुकानात दोन फूट बाय दोन फुटांचे तयार तुकडे मिळतात. इथे पूर्ण बोर्ड आणि कंपाउंडची मोठी पिशवी. बोर्डासाठी उपाय सोपा आहे : शेजारच्या बिल्डिंगमध्ये फॉल्स सिलिंगचं काम चालू असेल तर कारागिरांकडे कापलेला तुकडा मागा, ते आनंदाने देतात. जाडी मात्र मोजून घ्या. कंपाउंडची पिशवी उरतेच, आणि उघडी पिशवी पावसाळ्यात गोळे धरते. दुसरी तक्रार शरीराची. घोड्यावर (रंगाऱ्यांच्या उंच शिडीवजा स्टँडवर) उभं राहून वर बघत काम केल्याने मान आणि खांदे भरून येतात. वयस्कर माणसांनी हे अंगावर घेऊ नये. आणि संध्याकाळी कोव्ह लाइट (छताच्या कडेच्या खाचेत लपवलेला दिवा) लावला की तिरक्या उजेडात, ठिगळ कुठे आहे हे माहीत असलेल्याला अगदी सौम्य उंचवटा जाणवतो. घरात येणाऱ्या कुणालाही तो आजवर दिसलेला नाही.

हॉलमधली ती गोल चीर मी आता याच पद्धतीने उघडून काढणार आहे. बाथरूमच्या छताचा बोर्ड बदलायची वेळ आली, तर हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा घेईन. वरच्यांच्या नाहणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) बरोबर खाली मात्र बोर्ड ठेवायचाच नाही, तिथे उघडता येणारं ट्रॅप डोअर बसवायचं. पुढच्या वेळी गळती शोधायला कुणाला छत कापावं लागणार नाही.