‘अगं, तू तर निम्मी डाएटिशियन झालीच आहेस’

खातं गोठवल्यावर बँकेने एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता : पैसे पाठवणाऱ्यांशी तुमचा संबंध. यादीत एकोणीस नावं. त्यातल्या प्रत्येकाचं वजन मला माहीत होतं. कोण रात्री किती वाजता जेवतं, कोणाला बद्धकोष्ठता आहे, कोणाची पाळी चार महिने आलेली नाही, सगळं माहीत होतं. संबंध काय, ते मात्र लिहिता येईना. मी पोषणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि या माणसांची मी कोणीच नव्हते.

हे कसं झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण शिकता शिकता डाएटिशियनकडे व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून काम करणं ही कल्पना मुळात वाईट नाही. खरं तर चांगली आहे. घरबसल्या काम, वेळ आपल्या सोयीने, आणि ज्या क्षेत्रात जायचं ते आतून बघायला मिळतं. अपॉइंटमेंट लावायच्या, इनटेक फॉर्म, म्हणजे नव्या क्लायंटच्या माहितीचा फॉर्म, भरला नसेल तर आठवण करायची, बिलं पाठवायची, पाककृतींचं पोषणमूल्य सॉफ्टवेअरमध्ये घालून काढायचं, माहितीपत्रकं तपासायची, पोस्टसाठी चित्रं बनवायची. माझ्या वर्गातल्या दोघी हे काम आजही करतात आणि त्यांचे पैसे वेळेवर येतात. त्यामुळे जाहिरात दिसली तेव्हा मला संशय यायचं काही कारणच नव्हतं. ‘पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य, आठवड्याला पंधरा तास, अनुभवाचं पत्र मिळेल.’

‘अनुभवाचं पत्र’ या दोन शब्दांवर मी भाळले. पैसे नंतर आले डोक्यात.

मुलाखत फोनवरच झाली. जाहिरात देणाऱ्या डाएटिशियन मॅडमचा आवाज छान होता, शांत, घाई नसलेला. व्हिडिओ लावूया का म्हटलं तर म्हणाल्या, ‘दिवसभर क्लायंटसमोर कॅमेरा, आता डोळे थकलेत गं.’ मलाच वाईट वाटलं. मग चाचणी म्हणून चाळीस पाककृती दिल्या, प्रत्येकीची ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्धांश काढून द्यायचे. मला अकरा तास लागले. चाचणीचे पैसे नसतात हे मी गृहीतच धरलं. चार-पाच पाककृतींवरूनही माणसाला काम येतं की नाही ते कळतं, हे तेव्हा सुचलं नाही. त्या चाळीसच्या चाळीस पुढे त्यांच्या पानावर एकेक करून आल्या.

कामाला लागताना त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, कॉलेजचं कार्डही घेतलं. त्यांचं काहीच माझ्याकडे नव्हतं. कॉलेजच्या कार्डावर सॉफ्टवेअरचं विद्यार्थी दरातलं खातं उघडलं गेलं, माझ्या नावाने. असं खातं फक्त शिकण्यासाठी वापरायचं असतं, ते अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. मी त्या अटींवर खूण केली होती आणि वाचल्या नव्हत्या. करारही नव्हता, फक्त व्हॉइस मेसेज. ‘पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून माझ्याकडे राहील, मुलं मध्येच सोडून जातात ना.’ यालाही मी हो म्हटलं.

पहिला महिना खरोखर चांगला गेला. साठ तास, सगळं कारकुनी काम, आणि मला ते आवडत होतं. लोकांना फॉलोअपची आठवण माझ्या फोनवरून जायची, कारण ‘ऑफिसचा नंबर बदलतोय’. उत्तरं मलाच यायची. लोक मला मॅडम म्हणायला लागले. एकोणिसाव्या वर्षी कोणी मॅडम म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. आज अगदी वेळ नाही, एवढा एक चार्ट तूच बनवून पाठव, तक्ता दिलाय त्यातून. ‘अगं, तू तर निम्मी डाएटिशियन झालीच आहेस.’

त्या रात्री मी ते वाक्य रूममेटला वाचून दाखवलं होतं.

तक्ता असा होता : डावीकडे वजन घालायचं, उजवीकडे १२००, १५०० किंवा १८०० कॅलरींचा बारा आठवड्यांचा चार्ट निघायचा. उंची नाही, वय नाही, आजार नाही. आम्हाला वर्गात नुकतंच मिफ्लिन-सेंट जिओरचं १९९० सालचं सूत्र शिकवलं होतं. बाईसाठी वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. एक क्लायंट ४५ वर्षांच्या होत्या, वजन ७० किलो, उंची १६० सेंटिमीटर. आकडे घातले तर १३१४ आले. म्हणजे बाई दिवसभर नुसत्या पडून राहिल्या तरी शरीराला साधारण तेवढ्या कॅलरी लागणार. तक्ता त्यांना १२०० देत होता, आणि त्या दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या. मी मॅडमना विचारलं. ‘वर्गात शिकवतात ते वेगळं, प्रॅक्टिस वेगळी. हळूहळू कळेल.’ मला ते पटलं. नवशिक्याला हे नेहमीच पटतं, कारण ते बऱ्याचदा खरंही असतं. हाताखाली शिकण्याचा सगळा व्यवहार याच विश्वासावर चालतो, आणि हे वाक्य नेमकं कुठे वापरायचं ते मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

त्या महिन्याचा पगार निम्माच आला. उरलेला पुढच्या महिन्यात. त्याच सुमारास चार्टखाली माझं नाव यायला लागलं, नावापुढे ‘आहारतज्ज्ञ’. मी दचकले. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, मग विचारलं. ‘टीममधल्या सगळ्यांचं तसंच जातं.’ टीममध्ये मी सोडून कोणी होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

तिसऱ्या महिन्यात पैशांची गोष्ट निघाली. फी घ्यायची त्यांची सोय म्हणे बंद पडली होती, आठ-दहा दिवस क्लायंटची फी तुझ्या खात्यात येऊ दे, तुझा पगार त्यातूनच वळता करून घे, उरलेले या खात्यावर पाठव. अडकलेला पगार मिळण्याची ती पहिली शक्यता होती, म्हणून मी विचारसुद्धा केला नाही. ज्या खात्यावर मी उरलेले पैसे पाठवत होते ते मॅडमच्या नावाचं नव्हतं. नवऱ्याचं असेल म्हटलं.

दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून पुढे पाठवायला सांगणं ही फसवणुकीतली फार जुनी खेळी आहे. पैसे देणाऱ्याच्या कागदावर नाव येतं ते मधल्या माणसाचं. तक्रार झाली की बँक आधी त्याचं दार ठोठावते, आणि खरा घेणारा दोन खाती पलीकडे निघून गेलेला असतो. मधल्याला काही माहीत नव्हतं हे बऱ्याचदा त्यालाच सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे सिद्ध करायला काय होतं? आपोआप पुसले जाणारे मेसेज. ती सेटिंग मॅडमनी पहिल्याच दिवशी चालू केली होती, ‘क्लायंटच्या गोपनीयतेसाठी’.

पण मला जाग आली ती पैशांमुळे नाही, एका फॉर्ममुळे.

नवीन क्लायंट, वय ५८. औषधांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, वॉरफरिन, रक्त पातळ करण्याची गोळी. तक्त्यातून निघालेल्या चार्टमध्ये रोज सकाळी पालेभाज्यांचा मोठा पेलाभर हिरवा रस. आमचा औषध आणि आहार यांचा धडा त्याच आठवड्यात झाला होता. वॉरफरिन व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते, आणि हिरव्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. डोस ठरतो तो आयएनआर या रक्तचाचणीवरून, माणूस एरवी जे खातो ते धरून. अचानक रोज पेलाभर रस सुरू झाला तर गोळीचा जोर कमी पडतो आणि गुठळीचा धोका वाढतो. (रक्त पातळ करणाऱ्या बऱ्याच नव्या गोळ्यांना हा नियम लागू नाही, म्हणूनच गोळीचं नाव नीट वाचावं लागतं.) मी मॅडमना घाईने कळवलं. उत्तर आलं : ‘त्या रकान्याकडे लक्ष देऊ नकोस. पाठवून दे.’

मग मी जे केलं त्याची मला मॅडमपेक्षा जास्त लाज वाटते. मी गुपचूप रस काढला, सुरक्षित राहावं म्हणून चार्टमधल्या सगळ्याच पालेभाज्या काढल्या, आणि पाठवून दिला. बाईंना वाचवलं असं वाटून त्या रात्री छान झोप लागली.

दोन दिवसांनी आमच्या शिक्षिकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, अमुक एका पेशंटला असं करावं का. त्या म्हणाल्या, ‘ती बाई आधी किती पालेभाज्या खात होती, हे विचारलंस?’ विचारलं नव्हतं. ती रोज भरपूर खात असेल आणि तू एकदम बंद केलंस, तर गोळीचा परिणाम उलट वाढेल, रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाज्या वर्ज्य नसतात, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं, आणि बदल करायचा तर गोळी देणाऱ्या डॉक्टरला सांगून. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘हा पेशंट पुस्तकातला नाही, हो ना?’

सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त दोन गोष्टी विचारल्या. तुझ्या त्या मॅडमचा डाएटिशियन म्हणून नोंदणी क्रमांक तपासलास का? आणि हे तास तुझ्या प्रशिक्षणात धरले जातील असं तुला कोणी सांगितलं? आमच्या अभ्यासक्रमात देखरेखीखालच्या कामाचे तास मोजले जातात ते आधी कॉलेजने मंजूर केलेल्या ठिकाणचेच. बाहेरून आणलेलं अनुभवाचं पत्र कोणी उघडूनही बघत नाही. ज्या पत्रासाठी मी तीन महिने जवळजवळ पगाराविना राबले, ते मिळालं असतं तरी चिठोरंच होतं.

मॅडमच्या लेटरहेडवर नोंदणी क्रमांक होता, ठळक अक्षरात. मी तो तीन महिने रोज बघत होते आणि मला तो सजावटीसारखा वाटत होता. नोंदणी संस्थेच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या यादीत शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच कोणाचा.

मॅडमना फोन लावला. ‘तुझ्या मनात कोणी विष कालवलंय?’ एवढंच म्हणाल्या. तासाभरात क्लायंटच्या पोर्टलमधून माझं नाव गेलं, नंबर बंद, पान गायब. चार दिवसांनी लोकांचे फोन यायला लागले, फॉलोअप का नाही, बारा आठवड्यांची फी घेतलीत ना? तिघांनी बँकेकडे तक्रार केली. खातं गोठलं. वळता करून घेतलेला तिसऱ्या महिन्याचा पगार परतफेडीतच गेला. हिशेब मांडला तर चाचणीचे अकरा, पहिल्या महिन्याचे साठ, दुसऱ्याचे तीस, तिसऱ्याचे साठ. एकशे एकसष्ट तास फुकट, आणि वर माझ्या नावावर चौकशी.

सॉफ्टवेअरवाल्यांना मीच लिहून कळवलं आणि खातं बंद करून घेतलं. पोलिसांत तक्रार दिली, नोंदणी संस्थेला कळवलं; ज्यांचा क्रमांक वापरला गेला त्या डाएटिशियनना हे त्या पत्रानंतरच कळलं. माझ्या लॅपटॉपवर एकोणीस जणांच्या आजारांचे फॉर्म साधे, बिनपासवर्डचे पडले होते. ते पोलिसांकडे प्रत देऊन पुसले. कॉलेजने सुनावलं, पण काढलं नाही.

सध्या मी पुन्हा व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करते, शिक्षिकांनी सुचवलेल्या एका डाएटिशियनकडे. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा माझाच आवाज कापत होता. त्यांनी तो दिला, यादीत कुठे शोधायचा तेही सांगितलं, आणि पानभर करार पाठवला. त्यात एक ओळ आहे, क्लायंटने काय खावं याबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाला तू उत्तर द्यायचं नाही, मला पुढे पाठवायचं. पगार दर पंधरवड्याला, आणि चाचणीच्या दोन तासांचेही पैसे आले. काम कंटाळवाणं आहे. कोणी मला मॅडम म्हणत नाही.

राहिले ते एकोणीस जण. आठवणीचे मेसेज माझ्याच फोनवरून गेले असल्याने नंबर माझ्याकडे होते. शिक्षिकांना शेजारी बसवून एकेकाला फोन केला. पहिला फोन वॉरफरिनवाल्या बाईंना. त्यांनी चार्ट अजून सुरू केला नव्हता, घरात पाहुणे होते म्हणून. ‘पण मॅडम, तो तर तुम्हीच पाठवला होतात ना?’ मी हो म्हटलं. बाकीच्यांपैकी काहींनी शिव्या दिल्या, एकीने माझीच समजूत काढली.

सतरा जणांशी बोलणं झालं. दोघांचे नंबर लागत नाहीत. तुमच्याकडे बारा आठवड्यांचा असा एखादा चार्ट असेल, सकाळच्या ओळीत हिरवा रस, कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र, आणि खाली एका मुलीच्या नावापुढे ‘आहारतज्ज्ञ’, तर तो आजच थांबवा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तो वजनाचा एक आकडा घालून काढला होता. तुम्ही फॉर्मवर लिहिलेलं बाकीचं कोणी विचारात घेतलं नव्हतं.